एक डोळा खाली

मी एक डोकं बोलतोय. पत्र्याचं आहे, आतून पोकळ आहे. पण सिनेमाविषयी बोलायला हल्ली तेवढं पुरतं, हे मी जवळून पाहिलंय.

माझा सिनेमा कोणता ते सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे छातीवर हात ठेवतील आणि उरलेले त्यांच्याशी भांडायला उठतील. त्यात एका माणसाचं यंत्र करतात, त्याला शहर मारायला पाठवतात आणि ते ऐनवेळी मारत नाही, एवढं म्हटलं तरी पुरे. त्या यंत्राचं डोकं म्हणजे मी.

माझा जन्म गाड्यांचे पोचे काढणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. बाप म्हणजे जुन्या मोटारसायकलची टाकी. कारागिराला कागदावर एक चित्र दिलं होतं आणि डोकं दुसऱ्या दिवशी सकाळी हवं होतं. घाईत त्याने माझा उजवा डोळा बोटभर खाली कापला. बिचारा कबूलही झाला.

"साहेब, दुसरं करून देतो. डोळे खालीवर झालेत."

"उद्या शूटिंग आहे," सामान न्यायला आलेला म्हणाला. "अंधारात कोण बघतंय?"

जगातली निम्मी कामं याच वाक्यावर उभी आहेत. मीही तसाच उभा राहिलो.

नायकाने मला एकदाच डोक्यावर घेतलं आणि लगेच काढलं. केस बिघडले. "माझा चेहराच झाकायचा होता, तर मला घेतलंत कशाला?" असं तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. मग त्याच्याऐवजी गच्चीवरून उड्या मारायला जो ठेवला होता त्यालाच माझ्यात कोंबलं. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. मी डोकं, म्हणून तो धड. "अरे, धडाला बोलवा," असं ओरडत, आणि तो येई. पहिल्याच दिवशी कॅमेरावाल्याने कपाळाला हात लावला.

"हे काय? याचा एक डोळा जमिनीवर आहे! ए धडा, मान डावीकडे टाक. आणखी. आणखी थोडी. हां! आता डोळे एका रेषेत आले. सिनेमा संपेपर्यंत अशीच ठेव."

आणि त्याने ठेवली. माझं ओझं घेऊन, उन्हात आणि दिव्यांखाली, पळताना, पडताना, जिन्यावरून गडगडताना. मान डावीकडे, डोळे रेषेत.

सिनेमा तुफान चालला. पुलावरचा प्रसंग तर लोकांनी पाठ केला: यंत्र बंदूक रोखतं, समोर एक बाई उभी असते, यंत्राची मान हळूच कलते आणि बंदूक खाली येते. त्या कलत्या मानेवर पुढे लेख आले, व्याख्यानं झाली. त्या मानेत म्हणे यंत्राला पहिल्यांदा दया सुचली. कुणी म्हणालं, तो माणसाच्या आत्म्याचा कल आहे. दया, आत्मा, कल! अहो, डोळा खाली होता. पण मान इतकी वाकडी असताना डोळे मात्र सरळ रेषेत कसे, हा प्रश्न शंभर वेळा सिनेमा पाहूनही एकाला पडला नाही. भक्तीचा तोच फायदा असतो. चित्रकारांनी पोस्टरवर माझे डोळे सारखे काढले, खेळणीवाल्यांनी सारखे ओतले आणि मान तेवढी वाकवली. दाद नायकाला मिळाली. तो ती घेऊन यथावकाश वर गेला.

काम संपल्यावर मला भंगारात टाकलं होतं. धडाने उचलून घरी आणलं. त्याच्या बायकोने मला गॅलरीत उलटं टांगून माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं. कुणी माझ्यात अर्थ शोधत नव्हतं. ज्याला चिमटा हवा तो चिमटा काढून घेई.

त्याची मान मात्र डावीकडेच राहिली. फोटो काढणारा प्रत्येक जण "मान सरळ करा" म्हणे आणि तो हसून "एवढीच होते" म्हणे. एकदा केस कापायला गेला असताना त्याने सांगून पाहिलं, "त्या डोक्यात मी होतो." न्हावी म्हणाला, "हो का? आणि त्या पुलावरची बाई मी होतो." दुकान हसलं, तोही हसला. त्यानंतर त्याने पुन्हा कुणाला सांगितलं नाही. बायको गेली. मुलगी नोकरी करून घर बघू लागली. तो म्हातारा झाला, मी गंजलो.

मग तो सिनेमा पुन्हा नव्याने काढायचं ठरलं.

नव्या दिग्दर्शिकेने कुठून तरी माग काढला आणि एके दिवशी ती घरी आली. त्याच्यापुढे वाकून म्हणाली, "काका, पुलावर तुम्ही होता, हे मला ठाऊक आहे. माझ्या सिनेमात एक छोटा प्रसंग कराल? सिनेमा लागला की मी सगळ्या जगाला तुमचं नाव सांगणार आहे. तोवर गुपित."

म्हाताऱ्याला एका वाक्याचं काम मिळालं. दुरुस्तीच्या दुकानात नवं यंत्र तपासणारा जुना कारागीर. वाक्य काय असावं, हेही तिने त्यालाच विचारलं. तो जरा विचार करून म्हणाला, "'मान सरळ ठेव रे बाबा.' एवढंच म्हणतो. माझी तर गेली, त्याची तरी नीट राहू दे."

आशीर्वाद होता तो. पण सिनेमाची झलक बाहेर आली, त्यात तेवढंच वाक्य होतं, आणि त्यामागे नव्या यंत्राची ताठ, सरळ मान.

जुन्या सिनेमाच्या चाहत्यांचा एक संघ आहे. त्यांच्या दृष्टीने हे वाक्य म्हणजे देवळात चपला. झलक आली त्या संध्याकाळी म्हातारा मुलीचा फोन घेऊन, चष्मा लावून बसला आणि लोकांनी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचू लागला. मी गॅलरीतून ऐकत होतो.

"'हा थेरडा कुठल्या स्मशानातून उचलून आणला?'" त्याने वाचलं. "'मूळ सिनेमा बघितला तरी आहे का याने?'"

"बाबा, द्या तो फोन इकडे."

"थांब गं. 'आधी स्वतःची मान सरळ कर, म्हाताऱ्या.'" त्याने चष्मा वर सरकवला. "याचं निरीक्षण चांगलं आहे."

"बाबा!"

"अगं, चिडलेत म्हणजे प्रेम आहे त्यांचं. ती आपलीच माणसं आहेत. त्यांना ठाऊक नाही, एवढंच. मी सांगितलं की कळेल."

"त्या बाईंनी सिनेमा लागेपर्यंत गप्प राहायला सांगितलंय ना?"

"तोवर ती पोरं मला शिव्याच देत राहणार. जगाने नाही ओळखलं तरी चालेल, पण यांनी एकदा ओळखायला हवं. एकदाच."

त्याने माझ्यातले चिमटे काढले आणि मला पुसून पिशवीत घातलं. मुलगी पुटपुटत मागे निघाली.

संघाची बैठक टायरच्या दुकानामागच्या खोलीत होती. सगळ्यांच्या डोक्यावर माझ्या प्लॅस्टिकच्या नकला, सारख्या डोळ्यांच्या. अध्यक्ष पोटापाण्यासाठी चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचा. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारणारा माणूस. तो निषेधाचं भाषण करत होता. म्हातारा दारात उभा राहून म्हणाला, "मुलांनो, जरा ऐकता का? पुलावर मी होतो."

हशा पिकला. मग त्याने मला बाहेर काढलं आणि डोक्यावर चढवलं.

हशा थांबला. त्याची मान होतीच डावीकडे. माझे डोळे आपोआप एका रेषेत आले. त्या कोंदट खोलीत पुलावरचं यंत्र उभं राहिलं. मागच्या बाकावरच्या एका जाड्या माणसाने नकळत टाळी वाजवली. इतक्या वर्षांनी मला आत त्याचा श्वास जाणवला. आनंदाने चालला होता.

अध्यक्ष पुढे आला. त्याने खिशातून डोळ्यांमधलं अंतर मोजायची पट्टी काढून माझ्यावर धरली.

"बोटभर फरक आहे," तो म्हणाला आणि सगळ्यांकडे वळला. "उजवा डोळा खाली आहे! मूळ डोक्याचे डोळे सारखे होते. सिनेमात ढळढळीत दिसतात. हे बनावट आहे."

खोलीने सुटकेचा निःश्वास टाकला. श्रद्धा वाचली. टाळी वाजवणाऱ्या जाड्याने हात पाठीमागे लपवले.

"अरे, म्हणूनच तर मान..." म्हातारा आतून सांगत होता, पण पत्र्यातून आवाज नीट येत नाही.

"हा तोच की रे! त्या झलकेतला!" कुणीतरी ओरडलं. "मान सरळ ठेव म्हणणारा!"

"मग ठेवू या की सरळ. आजोबांची इच्छा आहे."

जाड्याला आपली टाळी धुऊन काढायची होती. तोच पुढे झाला. त्याने मला दोन्ही कानांना धरलं आणि सरळ केलं. थट्टेतच केलं हो; सगळे हसत होते. त्यांना वाटलं, डोकं फिरवतोय. आत मान होती.

जो आवाज आला तो फक्त मी आणि म्हाताऱ्याने ऐकला. त्याच्या मुलीचा आवाज मात्र रस्त्यापर्यंत गेला. "सोडा! हात काढा, हरामखोरांनो! बाबा! बाबा, बोला ना!"

त्याला दवाखान्यात नेलं. खोली भराभर रिकामी झाली. मला काढून टेबलावर ठेवलं होतं, मी तिथेच राहिलो.

शस्त्रक्रिया झाली, असं नंतर कानावर आलं. मानेत धातूची पट्टी बसवली. म्हातारा वाचला आणि संघही वाचला, कारण "गर्दीत तोल गेला" असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. हसण्यात एक सूर लागतो, तसा नंतर खोटं बोलण्यातही लागतो.

नव्या सिनेमाविरुद्ध मोर्चा काढायचा होता. प्लॅस्टिकच्या डोक्यांमध्ये एक पत्र्याचं असलं तर भारदस्त दिसेल, असं अध्यक्षाला वाटलं. "बनावट तर बनावट, डोळे तेवढे सारखे करून घेऊ." त्याने मला एका गॅरेजात दिलं. तिथे माझा उजवा डोळा बुजवला, बोटभर वर नवा कापला, पुट्टी भरली, घासलं, रंगवलं. आतला जुना कापूस काढून मखमल लावली. त्या कापसात एका माणसाचा सगळा उन्हाळा होता. तो गटारात गेला.

मोर्चात मी काठीवर होतो. खाली लोक ओरडत होते, "मूळ ते मूळ!"

सिनेमा लागला. दिग्दर्शिकेने शब्द पाळला. म्हाताऱ्याचं नाव सांगितलं आणि एक जुना फोटो छापला: ऐन तारुण्यातला धड, घामाने भिजलेला, मी त्याच्या काखेत, आणि माझा एक डोळा बोटभर खाली.

मला वाटलं, झालं. सुटला म्हातारा.

पण फोटो आला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मोर्चापासून मी प्रसिद्ध झालो होतो. जाणकार मला निरखून गेले होते, टाकीचा जुना पत्रा त्यांनी ओळखला होता, आणि हे डोकं अस्सल असल्याचा बोभाटा झाला होता. अस्सल डोक्याचे डोळे तर सारखे. म्हणजे फोटोतलं डोकं खोटं. म्हणजे फोटोतला माणूसही खोटा. हिशेब चोख बसला.

खरं ठाऊक असलेल्यांपैकी ज्याचा शब्द जगाने मानला असता, असा एकच माणूस होता. त्या दिवशी अध्यक्ष एकटाच माझ्यासमोर बसला. खिशातली पट्टी काढली, परत ठेवली. माझ्या उजव्या डोळ्याखालच्या पुट्टीवरून त्याने नखाने हळूच रेघ ओढली. मी म्हटलं, आता बोलेल. घसा तर खाकरलाच होता. तेवढ्यात फोन वाजला.

"हो, अस्सल आहे," तो म्हणाला. "मीच शोधलं. नाही नाही, हात लावलेला नाही. जसंच्या तसं."

तेव्हापासून मी काचेत आहे. खाली पाटी आहे. तिच्यावर नायकाचं नाव आहे, शोधणाऱ्याचं आहे. लोक रांगेने येतात, मान डावीकडे टाकून माझ्याबरोबर फोटो काढतात आणि नवा सिनेमा किती टुकार होता ते सांगतात. पाहिलाय त्यांनी, दोन-दोनदा.

काल म्हातारा आला होता, मुलीचा हात धरून. काचेसमोर उभा राहिला. मी त्याला लगेच ओळखलं नाही, कारण त्याची मान सरळ होती. मानेतल्या पट्टीमुळे आता ती कुठेच वळत नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि त्यालाही ओळख पटत नव्हती. बराच वेळ त्याने माझ्या उजव्या डोळ्याखाली काहीतरी शोधलं.

"हे नाही गं," तो मुलीला म्हणाला. "आपल्याचा एक डोळा खाली होता."

"बाबा, तेच आहे हो. त्यांनी..."

"नाही. मला ठाऊक आहे ना. हे खोटं आहे."

मागचे लोक चुळबुळ करू लागले. अध्यक्ष कोपऱ्यात उभा होता. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मृदू आवाजात, दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाला, "आजोबा, बघून झालं असेल तर पुढे चला."

म्हातारा पुढे गेला. जाताना मागे वळून बघणार होता, पण मान वळली नाही.

वाचकहो, कधी आलात तर त्या पाटीवर जाऊ नका. माझ्या उजव्या डोळ्याखाली नखाएवढी एक रेघ आहे, तिथली पुट्टी खरवडा. आत भोक आहे. काच फोडावी लागेल, पण तेवढं करा. आम्ही दोघंही आता सरळ झालोय, आणि आम्हाला ओळखणारं कुणीच उरलेलं नाही. आम्हीसुद्धा नाही.