कानातली तार

महिनाभर सुनेचा जबडा कटकट वाजत होता. घास चावताना डोळ्यांत पाणी यायचं. अखेर डॉक्टरांनी जबड्याच्या सांध्याचा एमआरआय करायला सांगितला आणि सासूबाई तिच्यासोबत निघाल्या. सासूबाई सोबत असल्या की दुसऱ्याच्या तोंडाला सुट्टीच!

तपासणीच्या खोलीबाहेर तंत्रज्ञ बाईंनी सुनेला कानातलं, बांगड्या, केसांतल्या पिना काढून ठेवायला सांगितल्या. मग विचारलं, "आधी कसलं ऑपरेशन झालंय? शरीरात कुठे धातूची पट्टी, स्क्रू, तार?"

"छे हो, काही नाही," सासूबाईंनीच सांगून टाकलं. "लग्न ठरवताना सगळं विचारून घेतलंय आम्ही. ठणठणीत आहे ती."

"काकू, उत्तर त्यांना देऊ द्या. आत जबरदस्त चुंबक आहे. शरीरातला धातू हलू शकतो, तापू शकतो. चुंबकाला कुणाची भीड नसते."

"सांग की गं, नाही म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं मान खाली घातली. "आहे. डाव्या कानात. कॉलेजात असताना ऑपरेशन झालं, आत बारीक तार बसवलीय. सासरी चकार शब्द काढायचा नाही, असं आईनं बजावलं होतं."

'फसवलंत की आम्हाला,' असं सासूबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चुंबकाचं ते बोलणं आठवून त्यांनी सुनेला वेगळंच विचारलं.

"आणि या बाईंनी तुला विचारलंच नसतं, तर गप्प आत गेली असतीस?"

"गेले असते. तुम्ही मला माहेरी पाठवाल, याची भीती जास्त वाटत होती."

सासूबाईंना लग्नाची बोलणी आठवली. 'आम्हाला ठणठणीत मुलगी हवी,' हे चारचौघांत आपणच किती तोऱ्यात सांगितलं होतं! त्या तोऱ्यापायी ही पोर जिवावर उदार झाली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तार कोणत्या धातूची हे कळल्याशिवाय तपासणी होणार नाही, असं तंत्रज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितलं. सासूबाईंनी तिथूनच फोन लावला.

"विहीणबाई, कानाच्या ऑपरेशनचे जुने कागद शोधून पाठवा. हो, कळलंय मला. अहो, रडताय कशाला? चूक तुमची एकटीची नाही."

वाचकहो, दुखणं लपवणाऱ्याला आपण चटकन खोटारडं ठरवतो. पण त्याच्यावर ही वेळ कोण आणतं? आपल्या घरातल्या माणसांना आपलं दुखणं न घाबरता सांगता येतं का, एवढं आज त्यांनाच विचारून बघा. आणि त्यांचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका.