राखाडी ठिपका

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या आकड्यांशेजारी, काही बारीक चिन्हं असतात. त्यांतला एक ठिपका म्हणजे मी. मी एक जुना प्रोग्राम आहे. हार्ड डिस्कची तब्येत पाहायची आणि ती बिघडणार असेल तर आधी सांगायचं, एवढंच माझं काम. मला चित्र रंगवता येत नाही, गाणं लावता येत नाही, पत्र लिहिता येत नाही. म्हणून मला मुद्दाम उघडून कोणी बसत नाही.

मला घडवणारी बाई फार मोजकं बोलायची. तिच्या स्वतःच्या संगणकाची डिस्क एकदा काही न सांगता बंद पडली होती आणि तिच्या मुलीच्या बोबड्या बोलांची रेकॉर्डिंग त्या डिस्कबरोबर गेली होती. "निदान आधी कुणी सांगायला तरी हवं होतं," असं ती एकदा म्हणाली आणि माझी पहिली ओळ लिहायला बसली. पुढे तिचे साहेब येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"इशारा जरा ठसठशीत करा. मोठा लाल चौकोन, वर भोंगा."

"माणूस घाबरला की पहिल्यांदा काय करतो, साहेब? खिडकी बंद करतो."

"मग काय, लाडीगोडी लावणार?"

"नीट सांगणार."

तिने माझ्यासाठी एकच वाक्य लिहिलं: 'घाबरू नका, पण आजच नक्कल काढा.' ठिपक्याला तीन रंग दिले. डिस्क धडधाकट असेल तर हिरवा, कुरकुर सुरू झाली तर पिवळा, शेवट जवळ आला तर लाल. साहेबांच्या समाधानासाठी, ठिपका दाबला की उघडणाऱ्या मोठ्या खिडकीत लाल पट्टा ठेवला. मग तिने मला जगात सोडलं. तिची माझी पुन्हा भेट झाली नाही.

मी ज्या संगणकात आलो तो एका फोटो दुरुस्त करणाऱ्या माणसाचा होता. संगणक जुळवून देणाऱ्या मेकॅनिकने मला त्यात बसवलं. "हा पहारेकरी आहे, याच्याकडे बघत जा," असं तो जाताना म्हणाला. लोक या माणसाकडे फाटलेले, ओल लागलेले, पिवळे पडलेले फोटो घेऊन येत. तो ते स्कॅन करायचा आणि पडद्यावर कण कण जोडत बसायचा. गेलेला कान, पुसलेली भुवई, वाळवीने खाल्लेली बाही तो परत आणायचा. सगळे त्याला फोटोवाला म्हणत.

आणि होती डिस्क, माझी एकुलती शेजारीण. तिच्या पोटात एक गुळगुळीत चकती गरगर फिरत असायची आणि एक सुई तिला न शिवता, केसाहूनही बारीक फट राखून तिच्यावरून सरकत असायची. चकतीवर अगणित कप्पे. एखादा कप्पा निकामी झाला की डिस्क त्यातला ऐवज मुकाट्याने राखीव कप्प्यात हलवायची. मी विचारलं तरच सांगायची. "किती तापलीस? फिरायला वेळ लागला का? किती कप्पे गेले?" ती आकडे द्यायची. त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. पण दिवसभर बोलायला मला दुसरं कोणीही नव्हतं. शिवाय मी राहायचो तिच्यातच. ज्या घराच्या भिंतींना तडे जात आहेत का ते पाहायचं, त्याच घरात माझं बिऱ्हाड.

सुरुवातीला माझं कौतुकही झालं. एकदा डिस्क फार तापली आणि मी पिवळा झालो. फोटोवाल्याने संगणक उघडला, तर पंखा धुळीने गच्च. ब्रशने तो साफ करून त्याने पडद्यावर बोटाने टकटक केली. "शाबास रे गड्या!" मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेली शाबासकी ती एवढीच. ती मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

मग माझे वाईट दिवस आले, आणि तेही त्याच्या चोख कामामुळे. फोटोवाल्याची खोली राखाडी होती. भिंती राखाडी, खिडकीचा पडदा राखाडी, कामाला बसताना अंगात सदराही राखाडी. फोटोजवळ भडक रंग असला की डोळा फसतो, असं त्याच्या गुरूंनी त्याला शिकवलं होतं. एकदा एका लहान मुलीचा चेहरा जुळवताना तो थबकला. गाल लाल दिसत होते. ते त्याने फिके केले, कागदावर छापले, तर मुलगी आजारी दिसायला लागली. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि शेवटी त्याची नजर कोपऱ्यात आली.

"तू होय! तुझ्या हिरव्यामुळे शेजारच्या चेहऱ्यावर लाली चढतेय."

त्याचं म्हणणं खरं होतं. हिरव्याशेजारी फिका रंग तांबूस भासतो. त्याने कोपऱ्यातली सगळी चिन्हं एकरंगी करून टाकली, आणि त्या दिवसापासून मी राखाडी झालो. वाक्याबरोबर वाजणारी माझी बारीक टिंग तर त्याने आधीच बंद केली होती. पुढे एकदा डिस्क पुन्हा तापली, माझं वाक्य कोपऱ्यातून वर आलं आणि नेमकं पडद्यावरच्या फोटोतल्या कुणाच्या तरी कपाळावर बसलं. त्याने न वाचताच 'पुन्हा दाखवू नका' दाबलं. आता मी हिरवा झालो काय, पिवळा झालो काय, बाहेरून सारखाच.

वर्षं अशीच गेली. चित्रांचा प्रोग्राम रोज सकाळी उघडायचा, गाण्यांचा दुपारी. मी कोपऱ्यात बसून डिस्कला तेच प्रश्न विचारायचो. मग एके दिवशी तिचा आकडा बदलला. काही कप्पे गेले होते. पुढच्या वेळी आणखी गेले. तिचे राखीव कप्पे भरत आले. मी आधी पिवळा झालो, मग लाल, आणि पडद्यावर राखाडीच राहिलो. ज्या एकटीशी मी बोलत होतो तिचाच शेवट मला दिसत होता, आणि तो सांगायचा कोणाला, हे मला कळत नव्हतं.

त्याच सुमारास कपडे शिवून देणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांच्या हातात आईचा फोटो होता. आईचा तेवढा एकच फोटो. तोही वर्षानुवर्षांच्या दमटपणाने चौकटीच्या काचेला घट्ट चिकटलेला, आणि काचेचा तडा आईच्या चेहऱ्यावरून गेलेला. फोटोवाल्याने तो काचेसकटच स्कॅन केला आणि परत दिला. "हात लावू नका हं, मावशी. सोडवायला जाल तर फाटेल. तडा मी इथेच काढतो, पण वेळ लागेल." काम पुरं झालं की त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, असा त्याचा नियम होता. अपुऱ्या कामाची नक्कल तो काढत नसे. तड्याचं काम अपुरं होतं.

काही दिवसांनी मावशी पुन्हा आल्या. या वेळी काच कापडात गुंडाळलेली होती. त्यांनी ती टेबलावर उघडली. काचेवर अर्धी आई होती, कागदावर थोडी, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता लगदा.

"हे काय केलंत, मावशी?"

"म्हटलं तुम्हाला तड्याचा त्रास होतोय, तर काच तरी बदलून आणावी. ओल्या फडक्याने जरा सोडवायला गेले."

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत. पण जन्मभर शिवणी उसवत आले मी. वाटलं, हेही अलगद उसवेल." त्यांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे आहे ना ती?"

"आहे की. मशीनमध्ये आहे. मशीनमधलं कुठे जातंय?"

"मग झालं," म्हणून त्यांनी कापडाची घडी घातली.

मित्रांनो, त्या वेळी मी लाल होतो. निकामी कप्पे त्याच फोटोच्या कडेपर्यंत आले होते. त्या दोघांपासून हातभर अंतरावर मी ओरडत होतो, आणि खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

फोटोवाल्याची थोरली बहीण त्याच घरात राहायची. तिची दृष्टी काचबिंदूने गेली होती. रोज दुपारी ती भिंतीला हात लावत दोघांचा चहा घेऊन यायची, पेला सांडायची नाही, आणि खुर्चीत बसून विचारायची, "आज कोण आलंय?" मग तो पडद्यावरचा फोटो तिला सांगायचा.

"एक लग्न आहे, ताई. नवरा रागावलेला दिसतोय."

"बूट चावत असेल. आणि नवरी?"

"ती हसतेय."

"मग बूट तिनेच निवडले असणार."

मावशी गेल्यावर दुपारी ती आली आणि पेला खाली ठेवता ठेवता थांबली.

"तुझं मशीन उचक्या का देतंय रे?"

"जुनं झालंय. माझ्यासारखं."

"तू उचक्या देत नाहीस, घोरतोस. हे बघ, परत! परवापासून ऐकतेय मी."

"ताई, डिस्कचा आवाज असतोच थोडा."

"असतो, माहितीये. हा तो नाही." तिने मान कलती केली. "त्या कोपऱ्यात एक ठिपका होता ना, तू शिव्या द्यायचास तो? तो मेकॅनिक म्हणाला होता, त्याचा रंग बघत जा म्हणून. काय रंग आहे आता?"

"राखाडी."

"राखाडी म्हणजे बरं की वाईट?"

आयुष्यभर राखाडीच्या शंभर छटा ओळखणाऱ्या माणसाला एवढं सांगता येईना. त्याने माझ्यावर बोट ठेवलं आणि मला उघडलं.

साहेबांनी हट्टाने ठेवलेला तो लाल पट्टा सगळ्या राखाडी खोलीत पसरला. त्याखाली माझं वाक्य होतं: 'घाबरू नका, पण आजच नक्कल काढा.'

तो घाबरला. त्याचा हात बटणाकडे गेला, मग थांबला, आणि त्याने मेकॅनिकला फोन लावला.

"बंद करू का रे?"

"अजिबात नको! बंद केलंस तर परत उठेलच असं नाही. सगळ्यांत जिवाचं काय आहे त्यात?"

"एक फोटो आहे."

"आधी तोच काढ. मग बाकीचं."

त्याने दुसरी डिस्क जोडली. पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. माझ्या शेजारणीने सुई नेली, उचकी दिली, मागे घेतली, पुन्हा नेली. मी तिला काही विचारलं नाही. अशा वेळी प्रश्न विचारणं म्हणजे तिला आणखी दमवणं. ताई खुर्चीत ताठ बसून होती. "चालू दे, चालू दे," असं ती हळूच म्हणत होती, जणू मशीनच्या पाठीवर हात ठेवलाय. चहावर साय आली.

फोटो आला. त्यानंतर बाकीचंही बरंचसं आलं, त्यात मीही आलो. मग डिस्कने एक लांब उचकी दिली आणि तिचं फिरणं थांबलं. मी तिला शेवटचं विचारलं, "किती तापलीस?" उत्तर आलं नाही.

संगणकात फोटो ओळीओळीने साठवलेला असतो. मधल्या काही ओळी गेल्या होत्या. चेहरा तड्यासकट शाबूत होता. पण खाली, खुर्चीच्या पाठीवर आईने हात ठेवला होता, तिथे एक सपाट राखाडी पट्टा होता. मावशींना बोलावल्यावर फोटोवाल्याने काही लपवलं नाही.

"मावशी, चूक माझी आहे. मी म्हणालो होतो कुठे जातंय. हात गेला."

मावशी पडद्याजवळ वाकल्या आणि आधी चेहराच पाहत राहिल्या. मग त्यांची नजर पट्ट्यावर आली.

"तिथे तिचा उजवा हात होता. अंगठा असा बाहेर वळलेला. कात्रीने होतो तसा." त्यांनी स्वतःचा हात उचलून पाहिला. "ती शिवायची, म्हणून मी शिवायला लागले."

खुर्चीत बसलेली ताई म्हणाली, "बघू?" मावशींनी हात पुढे केला. ताईने तो दोन्ही हातांत घेऊन अंगठ्यावरून बोट फिरवलं, घट्ट्यापाशी थांबली आणि भावाकडे मान वळवली. "अरे, शोधतोयस काय? हा इथेच तर आहे."

त्याने आपली खुर्ची खिडकीशी ओढली. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, जरा जास्तच सरळ उभ्या राहून. त्याने तो हात टिपला आणि राखाडी पट्ट्यात कण कण जोडत बसला. आता त्या फोटोत आई उभी आहे आणि तिचा हात लेकीचा आहे. काम पुरं झालं त्या दिवशी मावशींनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "हात तिचाच वाटतो," एवढंच त्या म्हणाल्या.

आता मी नव्या डिस्कवर राहतो. हिच्या पोटात फिरणारं काही नाही. ही तापते कमी, आवाज तर करतच नाही, आणि जाईल तेव्हा उचकीही देणार नाही. ताईच्या कानांनासुद्धा काही कळणार नाही. ती आकडे देते, पण जुनीची सवय झालेल्या मला तिची अजून ओळख पटलेली नाही. खोली शांत झाली की जुनीची घरघर आठवते.

मित्रांनो, तुमचं लाडकं जे काही असेल ते एकाच जागी ठेवू नका. ते अपुरं असलं तरी त्याची एक नक्कल आजच काढा. आणि कोपऱ्यात मुकाट्याने पहारा करणारं कुणी असेल, तर त्याच्यावर रुसून त्याचा रंग काढून घेऊ नका. सगळं ठीक असतानाही त्याच्याकडे एकदा बघत जा. ठीक आहे, हे सांगायलाही त्याला कुणीतरी लागतं.

फोटोवाल्याने मला माझा रंग परत दिला आहे. चेहरे जुळवताना तो माझ्यावर कागदाचा राखाडी तुकडा चिकटवतो आणि काम झालं की काढतो. दुपारी चहा आला की तो तुकडा निघालेला असावा लागतो. कारण पेला टेबलावर ठेवला की ताई आज कोण आलंय हे नंतर विचारते. आधी माझी चौकशी होते.

"ठिपका कसा आहे रे?"

"हिरवा."

मग दोघं चहा पितात, आणि मी नव्या डिस्ककडे वळून पुढचा प्रश्न विचारतो.