दोन बालवाड्या

कुलूप लहानसं होतं, पितळी, प्रवासाच्या बॅगेला लावतात तसलं... आणि एवढ्याशा कुलपाने शाळेतल्या बालवाडीची एवढी मोठी जाळी बंद राहते याचं हेमांगीला चक्क बरं वाटलं. आत चाळीसेक मुलं सतरंजीवर तोंडावर बोट ठेवून बसली होती. तिच्या कडेवरची जान्हवी टक लावून आत बघत होती. साडेतीन वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. 'आई'सुद्धा नाही.

"नऊ ते एक," जाळीआडून बाई म्हणाल्या. "मधे उघडत नाही हां. चार दिवस रडतात, मग बसतात गप."

चार तास! मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाटल्यांना लेबलं लावायची तिची जुनी जागा रिकामी झाली होती. तिथल्या मैत्रिणीने, मंजुळाने, ती सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. लग्नाआधी तिथे डबा खाताना सगळ्या बायकांत हेमांगीचाच आवाज मोठा — आणि आता दिवसभर तीच बोलते, प्रश्नही तिचा, उत्तरही तिचंच, कारण पोरीच्या कानावर सतत शब्द पडायला हवेत असं डॉक्टरांनी सांगितलंय... हा बघ कावळा, ही बघ बादली, हा बघ कावळा...

दुसरी बालवाडी दोन गल्ल्या सोडून होती. अंगणवाडीची एकच खोली, बारा मुलं, आणि त्यांच्यात मांडी घालून बसलेल्या विनिताताई. घमेल्यात ओली माती होती. जान्हवी कडेवरून आपण होऊन उतरली. हेमांगीचा हात रिकामा, अधांतरी राहिला. असं कधीच झालं नव्हतं.

"बोलत नाही ना? असू दे," विनिताताई म्हणाल्या. "येईल हळूहळू. पण ताई, तुम्हाला बसावं लागेल हिच्यासोबत. मी एकटीच आहे इथे."

"किती दिवस?"

"सहा महिने तरी. रोज."

मातीत कोपरापर्यंत हात घालून जान्हवी खदखदून हसत होती. ते हसू ऐकून सुख व्हायला हवं होतं हेमांगीला — ती मात्र खोलीला दुसरं दार आहे का ते बघत होती.

घरी पोचेपर्यंत नवऱ्याचा, सिद्धेशचा, फोन आला. "काय गं, कुठली बरी वाटली?"

"शाळेतली. पक्की इमारत आहे. चार तास ठेवतात."

"आणि ती अंगणवाडी?"

"लांब पडते रे."

किती सहज आलं ते तोंडातून. तो "ठीक ए, तू बघितलंयस ना" म्हणाला, त्याने तर पुढे काही विचारलंही नाही — विचारलं असतं तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं. आता ते खोटं तिचं एकटीचं होतं आणि घर दहा बाय बाराचं.

तिने भात कालवला, भरवला. जान्हवीच्या नखांत माती तशीच होती. हा बघ भात, म्हणायला हवं होतं. ही बघ आमटी. सांगायचं बरंच होतं, पण त्यातलं कुठलंच बाहेर येण्यासारखं नव्हतं... ही पण अशीच असेल का, इतके दिवस? जान्हवी घास तोंडात धरून तिच्याकडे बघत होती. हेमांगीने बोलायचा प्रयत्न केला. एक शब्द सुचेना — आणि त्या न सुचण्यात, किती दिवसांनी, घरात आपल्यासोबत आणखी कुणीतरी आहे असं तिला वाटलं.