मागचं वजन

मी एक जुना ट्रॅक्टर आहे, आणि माझा स्वभाव वाईट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. मला ते जमेलसं वाटत नाही. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतानाही मी जरा बिचकतो. माझ्या धुराड्यात खडे टाकणारे तुमच्याच उंचीचे होते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून निघालो तेव्हा माझं काम फक्त ओढण्याचं होतं. पुढचे दोन लोखंडी हात मला मालकांनी नंतर बसवून घेतले. माणसं त्याला लोडर म्हणतात. पंप तेल ढकलतो, ते हातांच्या सिलिंडरमध्ये शिरतं, आणि हात वर होतात. गोठ्यातलं खत मी उचलून ट्रॉलीत टाकायचो. एका खेपेत गड्यांचं सकाळभराचं काम व्हायचं. मालक तेव्हा माझ्या बॉनेटवर थाप मारायचे आणि पाहुण्यांना मला दाखवायला आणायचे. मग मी जुना झालो. पाहुणे आले की मालक त्यांना दुसऱ्या दारानं नेऊ लागले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या, आणि मला हाकलताही येईना.

पुढे मालकांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं आणि ते सासरे झाले. मीही त्यांना यापुढे सासरेच म्हणतो. जावई शहरात छपाईच्या यंत्रावर कामाला होता. ते यंत्र बंद पडलं, तसा तो बायकोबरोबर इथे राहायला आला. सासऱ्यांना ते पहिल्या दिवसापासून पटलं नाही. पण ते त्याला कधी अरेतुरे करत नसत. 'जावईबापू, आपण बसा,' असं म्हणायचे, आणि ते ऐकून तो बिचारा उभाच राहायचा. जेवताना त्याला आग्रहही असा करायचे की त्याचा घास घशात अडकावा.

त्या वर्षी गाईंसाठी ओल्या चाऱ्याचे मोठे गोल गठ्ठे आले, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले. ते उचलण्यासाठी माझ्या हातांना काटे लावले. जावयानं काटे गठ्ठ्याखाली घातले आणि लिव्हर ओढला. मी घरघरलो, गठ्ठा गुडघ्याएवढा वर घेतला आणि थांबलो.

सासरे म्हणाले, "जोर नाही याच्यात."

हे ते मला म्हणाले की जावयाला, ते आजही मला ठरवता येत नाही. जावयालाही कळलं नसावं. आम्ही दोघंही खाली बघत होतो.

घरात जाऊन सासऱ्यांनी निकाल देऊन टाकला. मला भंगारात घालायचं आणि चारा घालायचं काम बाहेरच्या माणसाला द्यायचं, त्याच्या यंत्रासकट. मुलीनं विचारलं, मग ह्यांनी इथे करायचं काय? सासरे शांतपणे म्हणाले, "ते त्यांनी ठरवावं. मी कोण सांगणारा?"

म्हणजे मी गठ्ठा उचलला, तर जावई या घरात राहणार होता. नाहीतर भंगारवाल्याच्या गाडीमागोमाग तोही फाटकाबाहेर पडला असता. मला त्याच्याबद्दल प्रेम नव्हतं. तो माझे गिअर खरखरवत टाकायचा. पण भंगारात जायची हौस मलाही नव्हती.

जोर हा शब्दच मोठा फसवा आहे. जोरात पळणं म्हणजे वेगानं पळणं. जोर लावून उचलणं म्हणजे ताकदीनं उचलणं. जावयानं चुकीचा जोर आणला. त्यानं माझा झिजलेला पंप काढून त्याहून मोठा पंप बसवला. मोठा पंप जास्त तेल ढकलतो, त्यामुळे हात झटकन वर जातात. वजन मात्र तेवढंच उचलतात, कारण ते तेलाच्या दाबावर ठरतं. रिकामे हात असे उडाले की छपरावरची कबुतरं उठून गेली. जावयाच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्यानं गठ्ठा घेतला, आणि मी त्याच उंचीवर अडकलो. फक्त पूर्वीपेक्षा लवकर.

सासरे दारात उभे होते. म्हणाले, "वा, जावईबापू. हल्ली याला जमत नाही हे लवकर कळतं."

मुलीनं गावातल्या मिस्त्रीला बोलावणं धाडलं होतं. तो दाब मोजायचं मीटर घेऊन येणार होता, पण जावयाला धीर निघेना. माझ्या तेलाच्या वाटेवर एक छोटा व्हॉल्व्ह आहे. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की तो उघडतो आणि तेल परत टाकीत सोडतो. ती मर्यादा एका स्क्रूवर ठरते. बनवणाऱ्यांनी माझी हाडं आणि माझं वजन बघून तो स्क्रू बसवला होता. जावयानं मीटरशिवाय तो आवळला. मग अजून थोडा. मग अजून थोडा. मला विचारायची पद्धतच नाही. माझे पाइप फुगून कडक झाले, आणि मी संतापानं नुसता धूर सोडत बसलो.

मग त्यानं सगळ्यांसमोर गठ्ठा उचलला. मुलगी ट्रॉलीवर उभी होती, गठ्ठा नीट जागेवर बसवून घ्यायला. या वेळी हात थांबले नाहीत. गठ्ठा छातीएवढा आला, डोक्याएवढा आला, ट्रॉलीच्या फळीवरून आत गेला. जावयानं वळून सासऱ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात पुढच्या ओझ्यानं माझी मागची चाकं जमिनीवरून सुटली.

आता नीट ऐका. माझे ब्रेक मागच्या चाकांना आहेत. चाकंच हवेत असतील, तर ब्रेक लागणार कशाला? तिथे जमिनीला थोडा उतार होता. मी पुढच्या दोन चाकांवर हळूहळू ट्रॉलीकडे सरकू लागलो. माझ्या काट्यांवर तो गठ्ठा होता आणि गठ्ठ्यासमोर, ट्रॉलीच्या पलीकडच्या फळीला पाठ लावून, ती पोरगी. तिला मागे सरकायला जागा नव्हती.

सासरे धावले. त्या वयात आणि त्या देहानं ते इतकं धावतील, असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्या मागच्या, अवजारं जोडायच्या दांड्यांवर स्वतःला झोकून दिलं आणि दोन्ही हातांनी मला कवटाळलं. चाकं टेकली, ब्रेक लागला. मी थांबलो.

"मामा, उतरू नका," जावई म्हणाला. "तुम्ही उतरलात तर ही चेंगरेल."

"मला शिकवू नका," सासरे म्हणाले. पण हलले नाहीत.

मुलगी कडेनं अंग चोरत फळीवरून खाली उतरली. तिच्या ओठांचा रंग गेला होता, पण आवाज स्वच्छ होता. "बाबा, तुम्ही तसेच राहा. अहो, तुम्ही गठ्ठा सावकाश खाली घ्या. आणि दोघांनीही आता तोंड मिटा."

सावकाश, पण कसं? नव्या पंपामुळे लिव्हरला बोट लागलं की हात उसळी मारत. पहिल्या झटक्यालाच चाकं पुन्हा उचलली गेली, आणि सासरे दांड्यांसकट वर जाऊन आदळले. जावयाचं बोट लिव्हरवर थांबलं. इतके दिवस ज्या माणसानं त्याला सुखानं जेवू दिलं नव्हतं, तो मागे लटकलेला होता. दोघांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मग जावयानं श्वास सोडला आणि बोटाच्या टोकानं लिव्हर इतका हळू सरकवला, की मलाच ते कळलं नाही. गठ्ठा ट्रॉलीत टेकला.

सासरे खाली उतरले. कपडे ग्रीसनं माखले होते. ते जावयासमोर येऊन उभे राहिले.

"अरे गाढवा, मागे काही वजन बांधायचं नाही का?"

मुलगी वळून गोठ्यात गेली, आणि तिथून तिचं हसणं ऐकू आलं. की रडणं होतं, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि त्यानं दोघांनाही सारखंच झापलं. मीटर लावून स्क्रू मूळ जागी आणला. हातांना जाड सिलिंडर बसवले, म्हणजे तेवढाच दाब मोठ्या तोंडावर पडून जास्त वजन उचलतो. ते पेलतील ना, म्हणून पुढचा आस आणि हातांचे सांधे ठोकून पाहिले. तेलाची वाट थोडी अरुंद केली, म्हणजे हात सावकाश खाली यावेत. आणि मागे काँक्रीटनं भरलेलं पिंप अडकवलं. आता मी तसले गठ्ठे उचलतो, चारही चाकं जमिनीवर ठेवून. ते पिंप मला आवडत नाही. पण ते नसलं की मी हल्ली सुरू व्हायलाच कुरकुर करतो.

भंगारवाला रिकामा परत गेला. जावई राहिला. सासरा-जावयात गोडी आली असं समजू नका. दोघं आता मोकळेपणानं भांडतात. संध्याकाळी एक जण माझे हात जमिनीवर टेकवून जातो, आणि दुसरा कंदील घेऊन ते खरंच टेकलेत का हे बघून जातो. एकमेकांवर विश्वास नसल्यामुळे माझी निगा फार चांगली राहते.

मित्रांनो, माझ्यावर माया करा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरी असा कुणी असेल, तर त्याचे हात हवेत ठेवून घरात जाऊ नका, एवढंच करा. जुन्या सिलिंडरमधून तेल थेंबाथेंबानं झिरपतं आणि हात नकळत खाली येत जातात. रात्रभर आम्ही ते ओझं धरून ठेवतो, आणि खालून कोण चाललंय, हे आम्हाला दिसत नाही.