आधी तू

चमच्याच्या कडेला चिकटलेलं एक शीत वाळून टणक होत चाललं होतं, आणि ती त्याच्याकडेच बघत राहिली — पोरीच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना म्हणून. ओठ मिटलेले. सकाळपासून तसेच. ताप एकशे तीन होता, औषधाने एकशे दोनवर आला. पोटात मात्र पाण्याच्या दोन घोटांपलीकडे काही नाही...

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून ती रोज किती आयांना सांगायची — घाबरू नका, थोडं थोडं भरवा, तापात मुलं खात नाहीतच. आज तेच शब्द स्वतःला सांगून पाहिले, तर एकही पटेना. लग्नाला पाच महिने झालेले. नवरा ट्रक घेऊन परगावी. आणि पोरीची आजी — गेलेल्या आईची आई — सकाळी फोनवर म्हणाली होती, "माझ्या लेकीनं कसंही करून भरवलं असतं हो." एवढंच. पण ते वाक्य घरभर फिरत होतं... काही बरंवाईट झालं तर बोट माझ्याकडेच. सावत्र ती सावत्रच, म्हणतील.

"सोनुले, एकच घास."

मान भिंतीकडे वळली.

गाल दाबून तोंड उघडावं... हात पुढे गेलाही, आणि त्या भाजणाऱ्या गालाला लागताच थबकला. काय करत होते मी? कुणाला दाखवायला भरवत होते?

"बरं, नको तर नको. मी इथेच बसते हं."

बऱ्याच वेळाने, भिंतीकडे तोंड करूनच पोर म्हणाली, "तू जेवलीस?"

"नाही गं."

"आधी तू."

गार, आळणी भात घशाखाली उतरेना, तिने उतरवला. मग पोरीने तोंड उघडलं. एक हिला, एक तिला... चौथ्या घासाला पोरीने तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि डोळे मिटले. साडीतूनही चटका लागत होता. ताप हलला नव्हता. संध्याकाळचा दवाखाना उघडायला अजून तास होता.

तिने आपण होऊन पोरीच्या आजीला फोन लावला.

"मावशी, चार घास खाल्लेत. पण ताप उतरत नाहीये... तुम्ही येता का? मला फार भीती वाटतेय."

पलीकडून चपला पायात सरकवल्याचा आवाज आला. मग, "निघालेच मी. पट्ट्या ठेवत राहा, बाळ."

बाळ — हे कुणाला म्हणाली, तिला कळलं नाही. तिने पट्टी पिळून कपाळावर ठेवली. भीती कमी झाली नव्हती. उलट वाढलीच होती. फक्त आता त्या भीतीत कोण काय म्हणेल हे कुठेच नव्हतं... होते ते पोरीचे एवढेसे, भरभर चाललेले श्वास, आणि पुढचा येईपर्यंत तिचा स्वतःचा अडकत होता.