घुमटाखालचं तर्कशास्त्र

ज्ञानाला उंची लागते, म्हणून विद्यापीठाच्या संस्थापकांनी मोठ्या व्याख्यानगृहावर घुमट बांधला. त्याखाली बोललेलं एकही वाक्य धड ऐकू येत नसे, हा भाग वेगळा. शब्द तोंडातून निघाला की वर जाई, दोन-चार गिरक्या घेई आणि मागून येणाऱ्या शब्दाच्या डोक्यावर येऊन आदळे.

या हॉलमध्ये तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी उभी हयात शिकवलं, आणि गहन वक्ते म्हणून नाव कमावलं. जुने विद्यार्थी भेटले की हात जोडून म्हणत, "सर, तुमचं व्याख्यान म्हणजे... काय सांगू!" आणि खरंच कुणाला काही सांगता येत नसे.

सुरुवातीला सर घसा फोडून शिकवत. मग एकदा दाढ ठणकत होती, तर ते दाढेबद्दलच बोलले. मुलांनी माना डोलावल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर ते लिहून घेत होती. तेव्हापासून तासाला तोंडी लावण्यापुरतं तर्कशास्त्र आणि बाकी मनात येईल ते: गुडघा, शेजाऱ्यांचा कुत्रा, विभागप्रमुखांची बुद्धी आणि मुख्य म्हणजे मेहुणा. तास संपला की सरांना कसं हलकं हलकं वाटे.

आता विद्यापीठाने ही इमारत मुलांच्या सोयीची करायला घेतली, तीही जुन्या वास्तूला ओरखडा न काढता. काम एका आर्किटेक्ट बाईंकडे होतं. भिंतीला हात लावायचा तर आधी भिंतीलाच विचारतील, अशा या बाई. त्यांनी दगडी जोत्याला न चिकटता रॅम्प उभा केला, वायरी बंद पडलेल्या धुराड्यातून नेल्या, आणि मग समितीपुढे घुमटाचा विषय काढला. आतल्या फासळ्यांसारख्या कमानींच्या मधे जाड लोकरी नमद्याचे पट्टे बसवायचे. रंग तोच, खालून दिसणार नाहीत, उद्या काढले तर इमारतीला पत्ता लागणार नाही. आवाजाचं घुमणं मात्र बंद.

समितीवर सर होते.

"घुमणं हा आपला वारसा आहे," ते म्हणाले.

"पण सर, मुलांना ऐकू येत नाही."

"आधीच्या मुलांना येत होतं?"

"नाही."

"मग? परंपरा आणखी कशाला म्हणतात?"

कुलसचिवांना हे बिनतोड वाटलं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

"अहो, एवढं काय त्या घुमटाचं?" घरी बायकोने विचारलं.

"मनातलं बोलायला तेवढी एकच जागा आहे," सर बोलून गेले.

"मग घरी बोला की! मी काय परकी आहे?"

"घरी ऐकू जातं."

बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला.

दोन दिवसांनी बाईंनी सरांना व्हरांड्यात गाठलं. "सर, घुमण्याचं माप घ्यायला तुमचा परवाचा तास रेकॉर्ड केला होता. कॉम्प्युटर घुमणं वेगळं काढतो. मागे नुसतं बोलणं उरतं."

"नुसतं म्हणजे कितपत?"

"सगळंच." बाई जरा घुटमळल्या. "मेहुण्यांनी ड्रिल परत केलं का?"

सर खांबाला टेकले. त्या खांबाला टेकायला मनाई होती, पण बाईंनी ते चालवून घेतलं.

"कुणाला ऐकवलंत?"

"छे हो! मलाही दीर आहे. माझी शिडी त्याच्याकडे आहे."

पुढच्या बैठकीत सरांनीच नमद्याला अनुमोदन दिलं. परंपरा वाहती हवी, असं ते म्हणाले. कुलसचिवांना हेही बिनतोड वाटलं.

नमदा बसेपर्यंत सुट्टीभर सर तर्कशास्त्र वाचत होते. त्यात बरंच नवीन निघालं. काही तर त्यांनी स्वतः लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात होतं.

पहिल्या तासाला हॉल खच्चून भरला. सरांची कीर्ती ऐकून दुसऱ्या विभागांतली मुलंही आली होती. सर बोलू लागले आणि एकेक शब्द सरळ शेवटच्या बाकापर्यंत जाऊन बसला. सरांचा शर्ट पाठीला चिकटला. गुडघा ठणकत होता, पण त्याचं नाव काढायची सोय नव्हती. शेवटी, कधी नव्हे ते, एक हात वर झाला.

"सर, एक विचारू?"

सरांनी टेबलाची कड धरली. "विचार."

"माझी ताई तुमच्याकडेच शिकली. ती म्हणते, सरांचं सगळं डोक्यावरून जातं, पण आत कुठेतरी लागतं. ते कधी सुरू करणार? हे तर समजलं."

सगळ्या हॉलने होकारार्थी माना हलवल्या. सर म्हणाले, "बघू."

घुमणं बंद झालेला शांत हॉल पुढच्या सत्रात परीक्षा विभागाकडे गेला. तिथे आता बोलायला मनाई आहे.