येसूबाईंचं नाव कुणी खाल्लं?

मी एक कीबोर्ड आहे. आगरदांड्याच्या जेट्टीजवळ सुचिताताईंचं झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे, तिथल्या टेबलावर मी असतो. तुम्ही तिथे आला असाल तरी मी तुमच्या लक्षात राहिलो नसेन. सगळे पडद्याकडे बघतात. माझ्याकडे फक्त बोटं येतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ताईंनी माझ्या एकेका बटणावर मराठी अक्षराचा स्टिकर नखाने दाबून चिकटवला होता. त्यातले 'र' आणि 'क' केव्हाच पुसले गेले, पण ताईंना बघावं लागत नाही. जुन्या कॉम्प्युटरबरोबर मी नऊ वर्षं काढली. मी अक्षर पाठवलं की ते लगेच पडद्यावर उमटायचं. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मग खाऱ्या हवेने त्याचं पोट गंजलं आणि तो बंद पडला. ताईंचा भाऊ रितेश पनवेलला असतो. त्याने दुसऱ्याच कंपनीचा, कुणीतरी वापरलेला पण चकचकीत कॉम्प्युटर आणून दिला आणि त्याच्याबरोबर कीबोर्ड नसल्यामुळे मलाच त्याला जोडलं.

"याची सिस्टीम वेगळी आहे, ताई. पण तुझं पत्रिकांचं सॉफ्टवेअर यात चालेल असं करून दिलंय."

"नीट चालेल ना?"

"चालेल गं. जरा हळू चालेल."

'जरा' म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही.

पहिल्याच दिवसापासून मी गोंधळलो. चूक झाली की ताई माझी कंट्रोल आणि झेड ही बटणं एकदम दाबायच्या आणि चूक मागे जायची. इथे काहीच होईना. ते काम म्हणे आता माझ्या दुसऱ्याच बटणाला दिलं होतं. ते बटण बिचारं नऊ वर्षं नुसतं बसून होतं, त्यालाही काही कळेना. आणि अक्षरं? मी पाठवायचो, ती कुठेतरी जाऊन थांबायची आणि मग पाच-सहा एकदम उमटायची. उमटली नाहीत की ताई मला जोरात मारायच्या. जोरात मारल्याने अक्षर लवकर जातं का? मला खरंच माहीत नाही.

अशात दादूकाका आले. त्यांच्या मुलाचं, प्रणयचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे पत्रिकेत कुणाचं नाव कितव्या ओळीत, यावरून माणसं वर्ष वर्ष बोलत नाहीत. काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"निमंत्रकांत पहिलं नाव माझ्या ताईचं टाक. येसूबाई."

"खाडीपलीकडच्या, दिघीच्या आत्या?" सुचिताताईंनी विचारलं.

"व्हय. भावकी म्हनते, विधवा बाईचं नाव पहिलं कशाला? म्हटलं, त्याची आई गेल्यावर प्रनयला तिनं वाढवला. भावकीनं न्हाय."

ताईंनी नाव टाइप केलं. उमटलं नाही. पुन्हा केलं. थोड्या वेळाने ते दोनदा उमटलं, एकाखाली एक. कंट्रोल-झेडने काही झालं नाही, म्हणून ताईंनी माझं खोडायचं बटण दाबून धरलं. पडदा ढिम्म. त्यांनी पुन्हा दाबून धरलं.

"आटप गं बाय," काका म्हणाले. "पहिली पत्रिका गावदेवीला ठेवायची, मग दुपारची लाँच धरायची. ताईला माझ्या हातानं द्यायचीय."

तेवढ्यात एक नाव गेलं, एक राहिलं. "झालं!" म्हणत ताईंनी छपाईचं बटण दाबलं आणि त्या प्रिंटरकडे वळल्या. काका चष्मा घरी विसरले होते. त्यामुळे दुसऱ्यांदा दाबलेलं खोडणं उशिरा पोचलं आणि उरलेलं नावही गेलं, हे कुणीच पाहिलं नाही. मला मात्र कळलं. पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने येसूबाई आल्या. हातात पत्रिका, मागे दादूकाका खाली मान घालून.

"पोरी, मी तिसरी शिकलेय," त्या म्हणाल्या. "काल तीनदा वाचली. माजं नाव कुठं हाय?"

ताईंचा चेहरा उतरला. "आत्या, मी टाकलं होतं. मशीनने खाल्लं."

"नेमकं माजंच खाल्लं? भावकीला सांगू नको, मला खरं सांग. कोन बोललं, काडून टाक म्हनून?"

"कुनी न्हाय गं ताई!" काका म्हणाले. "देवीची शप्पत."

"तू गप. तुला चष्मा सांभाळता येत न्हाय, शपता घेतोस."

ताईंनी येसूबाईंना माझ्यासमोर बसवलं. नाव परत टाइप केलं आणि खोडायचं बटण दाबून धरलं. काही नाही.

"बघा, आत्या. आता मी हात काढला."

येसूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. नाव होतं, होतं, आणि मग कुणी हात लावलेला नसताना एकदम गेलं. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

"मेला! गिळलंन की!" त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत हसायला लागल्या. "आता मीच लिवते. कुठं दाबू?"

ताईंनी एकेक बटण दाखवलं. येसूबाईंच्या बोटाला सुकटीचा वास होता. त्यांनी 'य' दाबला आणि हात मांडीवर ठेवला. थांबल्या. तो उमटला. मग पुढचं बटण दाबलं. पुन्हा थांबल्या. बाहेर लाँचचा भोंगा झाला, काका चुळबुळले, त्या हलल्या नाहीत. एकूण सात बटणं दाबली. एकही अक्षर दोनदा आलं नाही, एकही गेलं नाही.

नव्या पत्रिका छापून होईपर्यंत त्या प्रिंटरसमोर उभ्या राहिल्या. वरची एक त्यांनी पदराखाली घेतली. "देवीपुढची मी बदलते. तिला सांगते, पहिली चुकली व्हती."

आता खोडायच्या बटणावर ताईंनी कुंकवाचा टिपका लावलाय. 'ई'चा स्टिकरही निघायला आलाय. रितेश म्हणतो, नवा कीबोर्ड आणू. आणेल. पण नाव मी खाल्लं, की सॉफ्टवेअरने, की घाईने, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही दुकानात आलात तर मला मारा हवं तर, आता सवय झालीय. फक्त एकदा दाबलंत की येसूबाईंसारखा हात मांडीवर ठेवा. मी अक्षर पाठवलेलं असतं. ते वाटेत असतं.